बंदरावरचा थांबा आणि हिमनदी : प्रवासवर्णनातील प्रत्यक्षाचा प्रश्न

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा आजवर मुख्यतः ग्रंथरूप लेखनाभोवती फिरत राहिली आहे. अनंत काणेकर, गंगाधर गाडगीळ, पु. ल. देशपांडे ही तिची ठरलेली स्थानके. प्रवासवर्णन हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा काय, या वसंत सावंत यांच्यासारख्या अभ्यासकांनी हाताळलेल्या प्रश्नाची चर्चाही बहुधा याच स्थानकांवरून पुढे जाते. दरम्यान प्रवासलेखनाचा फार मोठा व्यवहार ग्रंथांच्या बाहेर गेला. दिवाळी अंक, ज्येष्ठ नागरिक संघांच्या स्मरणिका, गृहनिर्माण संस्थांचे वार्षिक अंक, परदेशांतील महाराष्ट्र मंडळांची नियतकालिके यांतून दरवर्षी जे प्रवासलेख प्रसिद्ध होतात त्यांना वाङ्मयीन मूल्य नाही, असे गृहीत धरून समीक्षा त्यांच्याकडे पाठ फिरवते. हे गृहीत बहुतेक वेळा खरे असेलही. पण पाठ फिरवणे त्यामुळे समर्थनीय ठरत नाही. एखाद्या वाङ्मयप्रकाराचे संकेत किती घट्ट झाले आहेत आणि ते कोठे उसवत आहेत, हे श्रेष्ठ कृतींपेक्षा सामान्य लेखनात अधिक स्वच्छ दिसते.

या सामान्य लेखनात 'अलास्काचा लेख' म्हणता येईल असा एक प्रकार आता स्थिरावला आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील निवृत्त मध्यमवर्गाच्या घरांतून मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आणि संगणक-व्यवसायामुळे जेथे मराठी कुटुंबे वसली त्या सिअ‍ॅटलच्या बंदरातूनच अलास्काच्या प्रवासी बोटी सुटतात. मुलांकडे काही महिने राहायला गेलेले आईवडील त्यांतील एक आठवडा बोटीवर घालवतात, आणि परतल्यावर लेख लिहितात. त्याची ठेवण ठरलेली असते. बोटीच्या मजल्यांची संख्या, जेवणघरातील शाकाहारी पदार्थ, रात्री उशिरापर्यंत न मावळणारा सूर्य, मग जुनो किंवा सीवर्ड बंदरावरचा थांबा, बसमधून हिमनदीपर्यंतचा प्रवास, निळसर बर्फाचे दर्शन, हिमालयाची आठवण, निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र हा उद्गार, आणि बोट सुटण्यापूर्वी परत पोचण्याची धावपळ. लेखक बदलतो, क्रम बदलत नाही. या क्रमात हिमनदीच्या वाट्याला येणारा परिच्छेद लेखाचा कळस म्हणून लिहिलेला असतो, आणि लेख नेमका तेथेच निर्जीव होतो. जेवणघराचे वर्णन जिवंत, हिमनदीचे मात्र उसने, असे का व्हावे?

याचे सोपे उत्तर घाईत शोधले जाते. जुनो हे सुमारे ३२ हजार वस्तीचे शहर. २०२३ च्या एका हंगामात तेथे १६ लाखांहून अधिक बोटप्रवासी उतरले. मेंडेनहॉल हिमनदी धक्क्यापासून साधारण वीस किलोमीटरवर. १९६२ साली उघडलेल्या दर्शनकेंद्रातून ती सरोवरापलीकडे दिसते. तास-दोन तास थांबून बस माघारी फिरते. एवढ्या वेळात काय कळणार, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप घेणारा समीक्षक आपल्याच संस्कृतीतील एक मोठी गोष्ट विसरतो. आषाढीला कित्येक तास रांगेत उभा राहिलेला वारकरी विठ्ठलाच्या पायांवर क्षणभरच डोके ठेवतो, आणि नुसत्या कळसाचे दर्शन घेऊन परतणाराही आपली वारी पोचली असे मानतो. दर्शनाच्या लांबीवर दर्शनाचे मोल ठरत नाही. फरक आहे तो वाटेत. आळंदी ते पंढरपूर ही अडीच-तीन आठवड्यांची पायवाट त्या एका क्षणात साठलेली असते. बाख्तिन यांनी कादंबरीच्या संदर्भात कालावकाशाची जी संकल्पना मांडली, तिच्यात रस्त्याला विशेष स्थान आहे ते याचसाठी: रस्त्यावर काळ अवकाशात मिसळतो आणि दृश्य होतो. बोटीच्या सफरीत रस्ता उरतच नाही. प्रवासी झोपलेला असताना बोट पुढे सरकलेली असते, आणि सकाळी बंदर खिडकीशी आलेले असते. हे सगळे मान्य केले तरी घाईच्या आक्षेपाने काम भागत नाही. हिमनदीसमोर महिनाभर मुक्काम केलेला प्रवासीही, केवळ पाहण्यावर विसंबला, तर त्याच जागी अडखळेल.

भाषेची अडचण येथे आधी नोंदवावी लागते. सह्याद्रीत हिमवर्षाव नाही. मराठी बोलींत गार आहे, गारपीट आहे, दंव आणि दहिवर आहे. संस्कृत हिमाचे 'हिंव' हे मराठी रूप हिवाळ्यात आणि हिवतापात टिकले, म्हणजे अंगावर येणाऱ्या थंडीत आणि कापऱ्यात. 'बर्फ' फारसीतून आला. 'हिमनदी' आणि 'हिमोढ' हे शब्द पाठ्यपुस्तकांतून आले. हिमनदीच्या कड्याचा तुकडा सुटून पाण्यात पडतो त्या घटनेला इंग्रजी भाषा गाईच्या विण्याचे क्रियापद लावते. मराठीत 'व्याणे' हे क्रियापद आहे, ते गोठ्यातले आहे, आणि रात्रभरची प्रतीक्षा, वेदना, अचानक मोकळे होणे हे सगळे त्यात आहे. तरीही लेख 'हिमकडा कोसळला' एवढ्यावर थांबतो. उणीव परिभाषेची म्हणता येणार नाही. आपल्या बोलीतला शब्द परक्या वस्तूवर टाकून पाहण्याचे धाडस तेवढे होत नाही. त्याऐवजी संस्कृत काव्यपरंपरेचा साठा उघडला जातो: कापरासारखा गौर शिव, जटांतून उतरणारी गंगा, ध्यानस्थ योगी. कालिदासाने हिमालयाला पृथ्वीचा मानदंड ठरवले. पर्वताला 'अचल' म्हणणारी ही भाषा आहे, आणि 'हिमाचल' या शब्दात तिने हिमालाही अचलाशी बांधून टाकले. जी वस्तू स्वभावतःच सरकणारी, आणि आज मागे हटणारी, तिच्यावर सनातनत्वाची ही प्रतिमा बसवली की वर्णन रम्य होते आणि वस्तू नाहीशी होते.

माणसाच्या क्षुद्रतेचा उद्गारही असाच उसना आहे, फक्त त्याचे मूळ अन्यत्र आहे. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे मराठी अभ्यासकांना परिचित झालेल्या कान्टच्या विवेचनात भयावह निसर्ग सुरक्षित स्थळावरून पाहता आला तरच उदात्ताचा प्रत्यय संभवतो. बोटीचा कठडा हे असे सुरक्षित स्थळ होय. पण कड्याचे भय प्रेक्षकाला वाटावे अशी स्थिती आता राहिलेली नाही; प्रेक्षकाला तेथवर आणणाऱ्या इंधनाचेच भय कड्याला आहे. भय समूळ गेले आहे असेही नाही. मेंडेनहॉलच्या एका बाजूच्या खोलगट खोऱ्यात साठलेले पाणी २०११ पासून वारंवार फुटून खाली येते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने नदीकाठ पोखरून घरे पाडली, ऑगस्ट २०२४ मध्ये जवळपास तीनशे घरांत ते शिरले. सुरक्षित स्थळ प्रवाशाचे आहे, तेथील रहिवाशाचे नाही. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वर चोराबारी सरोवर फुटले तेव्हा यात्रेकरूंनाही ते उरले नव्हते.

या लेखप्रकाराचा उगम शोधू लागल्यास १८८३ हे साल लक्ष वेधून घेते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कॅप्टन जेम्स कॅरोल यांच्या 'आयडाहो' या आगबोटीतून एलायझा सिडमोर ही तरुण वार्ताहर अलास्कातील ग्लेशियर बे या आखातात पोचली. हिमनदी पाहण्यासाठी प्रवाशांनी भरलेली आगबोट तेथे शिरण्याची ती सुरुवात होती. १८८५ साली तिचे अलास्काविषयीचे पुस्तक निघाले. (याच सिडमोरबाईंनी पुढे हिंदुस्थानचा प्रवास केला, आणि १९०३ साली त्यांचे हिंदुस्थानातील हिवाळ्यावरचे पुस्तक आले, मराठी अभ्यासकांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.) त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई मुंबईहून आगबोटीने इंग्लंडला गेल्या आणि 'इंग्लंडचा प्रवास' हे त्यांचे पत्ररूप लेखन प्रसिद्ध झाले. आणि साधारण त्याच सुमारास वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी पंचवीस वर्षांपूर्वीच्या आपल्या उत्तरेकडील प्रवासाची हकीकत लिहून काढली. एक लेखिका पाहण्यासाठी निघालेली, एक शिकण्यासाठी. आणि एक भिक्षुक दक्षिणेसाठी निघून बंडात सापडलेला. प्रवासलेखनाच्या तीन वाटा येथे एकाच सालाच्या आसपास उभ्या दिसतात. मराठीने पुढे प्रतिष्ठा दिली ती बहुतांशी पहिल्या वाटेला. दुसरी वाट किती वेगळी होती हे रमाबाईंच्या १८८९ सालच्या अमेरिकेवरील पुस्तकाच्या नावातच दिसते: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. डोळ्यांना दिसले तेवढ्याने देश कळत नाही, हे तेथे शीर्षकानेच मान्य केले आहे.

सिडमोरने जी मुख्य हिमनदी पाहिली तिला निसर्गशास्त्रज्ञ जॉन म्यूर यांचे नाव मिळाले आहे. म्यूर १८७९ साली त्लिंगित वल्हेकऱ्यांच्या होडीतून तेथे आले होते. त्याआधी १७९४ साली जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या सर्वेक्षण-पथकाला ग्लेशियर बे हे आखात जवळजवळ सापडलेच नव्हते. त्याच्या मुखाशी बर्फाची भिंत होती आणि आत जेमतेम काही मैलांची खाच. १९१६ पर्यंत तो बर्फ मुखापासून सुमारे ६५ मैल मागे गेला. म्यूर हिमनदीची १९४१ आणि २००४ साली एकाच जागेवरून घेतलेली दोन छायाचित्रे आज सर्वत्र छापली जातात: पहिल्यात खोरे बर्फाने भरलेले, दुसऱ्यात पाणी आणि हिरवी झुडपे. दोहोंच्या दरम्यान हिमनदी १२ किलोमीटरहून अधिक मागे हटली. यातील कोणतेही एकच छायाचित्र घेतले तर ते सुंदर आहे, आणि मुके आहे.

प्रश्नाचे मर्म येथे आहे. प्रवासवर्णन हा प्रकार आपली सत्यता 'मी पाहिले' या दाव्यावर उभी करतो. भारतीय प्रमाणशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर त्याने प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानले आहे. हिमनदीविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे तिचे सरकणे आणि ओसरणे, प्रत्यक्षाला गोचर होत नाही. तिला अनुमान लागते किंवा शब्द लागतो. नैयायिकांनी शेषवत् अनुमानासाठी दिलेले नदीचे उदाहरण येथे विलक्षण चपखल बसते: पात्र फुगलेले दिसले की वर कोठेतरी पाऊस झाला असे कळते. तसेच घासून गुळगुळीत झालेला उघडा खडक, दगडगोट्यांचा हिमोढ, शंभर वर्षांपूर्वी जेथे बर्फ होते तेथे पसरलेले मेंडेनहॉलचे सरोवर, ही सगळी लिंगे आहेत. त्यांवरून गेलेल्या बर्फाचे अनुमान करता येते. अलास्काच्या लेखात खडक येत नाहीत. हिमोढ तर 'मध्येच दगडधोंड्यांचा ढीग' म्हणून दृश्याला बाधा आणतो. जे नाही त्याचे चिन्ह म्हणून जे आहे ते वाचण्याची सवय या प्रकाराने लावूनच घेतलेली नाही.

शब्दप्रमाणाची कथा याहून मासलेवाईक आहे. ग्लेशियर बेच्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी बोटींना प्रवेश असतो, आणि त्या किनाऱ्याला लागतही नाहीत. उद्यानाचे कर्मचारीच बोटीवर येऊन ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. प्रवासी कठड्याशी उभा राहून जे पाहतो त्याचा अर्थ त्याला मागून, एका परक्या आवाजात ऐकू येत असतो. लेखात हा आवाज गाळला जातो. वर्षे आणि अंतरे तेवढी उरतात, आणि ती जणू लेखकाच्या डोळ्यांनीच मोजली अशा थाटात निवेदनात बसतात. ऐकलेले पाहिले म्हणून सांगणे ही या लेखनातील खरी वाङ्मयीन खोट आहे. घाई, हौस, खर्चाची फुशारकी हे तुलनेने क्षम्य दोष. खरे तर त्या ध्वनिक्षेपकासहित हिमनदी लिहिली गेली असती तर ती आजची हिमनदी झाली असती.

डोळ्यांच्या पलीकडचे सांगणारी परंपरा त्या आखाताला स्वतःची आहे. हुना त्लिंगित लोक तेथले मूळ रहिवासी. त्यांच्या मौखिक परंपरेत हिमनदीने त्यांना गावातून कसे हुसकावले याची कथा आहे. सुझी जेम्स आणि एमी मार्विन या दोघींनी सांगितलेली तिची कथने नोरा आणि रिचर्ड डाउनहौअर यांच्या १९८७ सालच्या संग्रहात आली आहेत. नहाण आल्यामुळे बाजूला बसवलेली काआस्तीन ही मुलगी निषेध मोडून हिमनदीला साद घालते; बर्फ गावावर चालून येते; गाव होड्यांत बसून निघते, आणि त्या घरात एक बाई मागे राहते. मागे राहणारी कोण, मुलगी की म्हातारी, यावर कथनांत भेद आहे. विटाळ, निषेध आणि मागे ठेवलेली स्त्री हे धागे मराठी वाचकाला परके नाहीत. तळ्याला पाणी लागावे म्हणून सून अर्पण करणाऱ्या लोककथा आणि ओव्या त्याने ऐकलेल्या असतात. या कथेत हिमनदी येते, चालते, ऐकते. तिला ऐकू येते म्हणून तिच्याशी बोलताना जपावे लागते. भूगर्भशास्त्रही अठराव्या शतकात त्या आखातातील बर्फ पुढे सरकल्याचे सांगते. म्हणजे पुढे येणारी आणि मागे जाणारी, अशा दोन्ही काळांतील हिमनदी तेथील परंपरेने धरून ठेवली आहे. २०१६ साली हुना लोकांचे परंपरागत सामूहिक घर त्या किनाऱ्यावर पुन्हा उभे राहिले. बोटीवरून 'निर्मनुष्य, अस्पर्श निसर्ग' असे लिहिणाऱ्या लेखणीला हे माहीत असायला हवे होते.

हिमालयाच्या बाजूने पाहिले तर खूण करून ठेवणारे दर्शन तेथेही आढळते. गंगोत्री हिमनदीच्या मुखाची, म्हणजे गोमुखाची, मोजणी १९३५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जॉन बिक्नेल ऑडन यांनी केली. कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे हे बंधू. ऑडन आणि इशरवुड यांचे 'द असेंट ऑफ एफ-६' हे नाटक त्यांनाच अर्पण केले आहे. नाटकातला पर्वत प्रतीकाच्या ओझ्याखाली वाकतो. भूशास्त्रज्ञ भावाचा कोरडा नकाशा पुढच्या माणसाची वाट पाहत राहतो: कोणीतरी पुन्हा येईल, त्याच खुणेपासून मोजेल, आणि तेव्हा पहिल्या पाहण्याला अर्थ येईल. गोमुखाला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी लिहिलेल्या हकीकती अशा रीतीने एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, तर त्यांतूनही काही हाती लागेल. ते काम अभ्यासकाचे आहे.

गोडसे भटजींची 'माझा प्रवास' ही हकीकत येथे पुन्हा आठवते. वरसई पेण तालुक्यात, म्हणजे आजच्या नवी मुंबईच्या दक्षिणेला, फार दूर नाही. झाशीचा वेढा गोडसे यांनी आत राहून भोगला; बंडाच्या इतर कितीतरी गोष्टी त्यांनी ऐकून लिहिल्या, आणि इतिहासकारांनी त्यांतील चुका दाखवल्याही आहेत. तरी त्या लेखनाचा जिवंतपणा टिकतो, कारण त्यात दोन काळ आहेत: भोगणाऱ्या तरुणाचा आणि आठवणाऱ्या वृद्धाचा. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली संस्कार करून ते छापले, पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ संहिता प्रकाशात आणली, आणि मग दोन्ही पाठ ताडून पाहता आले. गंगेची कावड घेऊन आईवडिलांकडे परतलेल्या या भिक्षुकाने हिमनदी पाहिली नव्हती. तिचे पाणी मात्र त्याने खांद्यावरून कोकणात आणले.

मग अलास्काच्या लेखकाकडे दोन काळ नसतात काय? असतात, आणि हीच या लेखांची सर्वांत खटकणारी बाब आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली तेव्हा बेलापूर, नेरूळ, वाशीच्या परिसरात खाजणे, मिठागरे आणि भातखाचरे होती. सुरुवातीच्या काळात येथे राहायला आलेल्या माणसाने ती हटताना पाहिली आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट करण्यात आली, उलवे नदीचे पात्र वळवण्यात आले, गावठाणे उठली. एखादा भूभाग एका आयुष्यात नाहीसा होतो म्हणजे काय होते, हे या लेखकाला जगातील बहुतेक प्रवाशांपेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. हिमनदीसमोर त्याला हिमालय आठवतो, उलव्याची टेकडी आठवत नाही. पहिली आठवण वाङ्मयाने दिलेली आहे. दुसरी स्वतःची आहे, पण तिला या प्रकारात प्रवेश नाही. प्रवासवर्णन म्हणजे दूरचे आणि सुंदर, हा संकेत इतका मुरला आहे की जवळचे आणि उद्ध्वस्त झालेले उपमान म्हणूनही चालत नाही.

सीवर्ड बंदरापासून जवळच एक्झिट हिमनदी आहे. तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आणि पायवाटेच्या कडेने वर्षांच्या पाट्या उभारल्या आहेत. प्रत्येक पाटी त्या साली बर्फाची कड कोठवर होती ते सांगते. आरंभीच्या पाट्या एकोणिसाव्या शतकातल्या. बोटीच्या सफरीने हिरावलेला रस्ता येथे काही अंतरापुरता परत मिळतो, आणि त्यावरून चालणे म्हणजे सालांतून चालणे होते. निवृत्त प्रवाशाला त्या वाटेवर आपल्या जन्मसालाच्या जवळपासची पाटी भेटते, पुढे नोकरी लागल्याची, घर घेतल्याची साले मागे पडतात, मुलाच्या जन्माचेही. बर्फ अजून बरेच पुढे असते. छायाचित्रे मात्र सहसा तेथे पोचल्यावर काढली जातात.